सही करण्याआधी ट्रेलरच्या पोटाखाली वाका

मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांत ट्रेलर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीच्या प्रसादाला बसलो होतो, तेव्हा चार कुटुंबांकडून एकच बातमी कानावर आली: थंडी सुरू व्हायच्या आत ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायचा. दोघांनी फोनमधले फोटो दाखवले, एकाने तर इसारही देऊन टाकला होता. फोटोंत भिंतीत बसवलेली इलेक्ट्रिक शेकोटी होती, बाहेर अंगणात बसून बघायचा टीव्ही होता, मुलांसाठी दुमजली पलंग होता, आणि दाराशेजारी ‘फोर सीझन’, म्हणजे चारही ऋतूंत चालणारा, असा चकचकीत स्टिकर होता. पंगतीत कुणाचा विरस करू नये म्हणून मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र त्या स्टिकरने झोप लागू दिली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

ट्रेलर घेऊ नका, असं सांगायला मी बसलेली नाही. उलट आमच्या घरात या एका वस्तूने जे दिलं, ते दुसऱ्या कशाने दिलं नसतं. आई-बाबा दर दोन वर्षांनी वाईहून सहा महिन्यांसाठी येतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यात मधुमेह. तिला वेळेवर भाकरी-भाजी लागते, रात्रीतून दोनदा उठावं लागतं, आणि हॉटेलच्या उंच मऊ गादीवर तिची पाठ धरते. पहिल्या दोन खेपांना आम्ही त्यांना मोटेलांत फिरवलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.” ट्रेलर आला आणि तिचं अंथरूण, तिचं स्वयंपाकघर आणि तिचं न्हाणीघर तिच्या मागोमाग चालू लागलं. गेल्या जानेवारीत ती टेक्सासातल्या बिग बेंडमध्ये रिओ ग्रांदेच्या काठी खुर्ची टाकून बसली होती. बाबा पलीकडचा मेक्सिको बघून म्हणाले, “एवढीच नदी? आमची कृष्णा बरी की!” संक्रांत तिथेच आली. आमच्या आजूबाजूला मिनेसोटाचीच निवृत्त जोडपी उतरली होती, टेक्सासात त्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. आईने त्या सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

हे सुख तुम्हालाही मिळावं असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच चुकीचा ट्रेलर तुमच्या दारात येऊ नये असंही वाटतं. आमच्या दारात आला होता.

आमच्या पहिल्या ट्रेलरवरही ‘फोर सीझन’ लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये सीडर पास कॅम्पग्राउंडवर उतरलो. जागेवर विजेची जोडणी होती. वीज भाड्यातच धरलेली, मग गॅस कशाला जाळायचा, असा विचार करून मी दोन विजेचे हीटर लावले आणि ट्रेलरचा गॅसवर गरम हवा सोडणारा फर्नेस बंद ठेवला. आत छान ऊब होती. बाहेर पहाटे पारा 19 फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 7 सेल्सियसवर गेला. सकाळी आई तोंड धुवायला उठली, तर नळाला पाणी नाही. दुपारी ऊन चढल्यावर पाणी आलं, पण ते नळातून नाही, बाकाखालून. नळ्या लवचीक होत्या, त्या तगल्या. त्यांना जोडणारा प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे वळणावरचा तुकडा, तडकला होता. सामानाचा कप्पा, गालिचा, आईची शाल, सगळं भिजलं. सहल तिथेच संपली.

चूक माझी होती, आणि ती नेमकी कुठे झाली ते सांगते, कारण तुमच्यातला प्रत्येक जण हीच करणार आहे. थंडीसाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये पाण्याच्या टाक्या आणि नळ्या पोटाखाली एका बंद पोकळीत असतात. ती पोकळी गरम राहते ती फर्नेसच्या हवेने, फर्नेसमधून एक नळकांडं तिकडे काढलेलं असतं. खोलीत ठेवलेला विजेचा हीटर माणसांना ऊब देतो, पोटाला देत नाही. शिवाय खोली आधीच गरम झाली की थर्मोस्टॅट फर्नेसला सुरूच होऊ देत नाही. म्हणजे वरती आपण पांघरूण फेकून देतो आहोत आणि खाली पाणी गोठतं आहे. गोठणाऱ्या रात्री फर्नेस चालला पाहिजे. हीटर लावायचाच असेल तर सोबतीला, आणि मंद.

‘फोर सीझन’ या शब्दांना कोणतीही सरकारी व्याख्या नाही. कंपनीला वाटेल तेव्हा ती हा स्टिकर लावू शकते. त्यामुळे स्टिकर वाचून समाधान मानू नका. विक्रेत्याला सांगा, पोटाखालचा पत्रा दाखव. पुष्कळदा ती नालीदार प्लास्टिकची पातळ पाटी असते आणि तिच्या आत काहीच भरलेलं नसतं. गरम हवेचं नळकांडं नक्की कुठपर्यंत जातं? टाकी रिकामी करायच्या झडपा बंद पोकळीत आहेत की बाहेर लोंबतात? बाहेर असतील तर त्या पहिल्या गोठणार. खिडक्यांना काच एकेरी की दुहेरी? गुडघे टेकून वाकायची लाज वाटू देऊ नका. शेकोटीचा प्रकाश बघायला दहा मिनिटं देता, तर पोटाखाली वीस द्या.

आता गॅस. इथल्या सिलिंडरात जवळजवळ शुद्ध प्रोपेन असतो आणि तो उणे 44 फॅरनहाइटपर्यंत वायुरूप होत राहतो. भारतातल्या घरगुती सिलिंडरात ब्युटेनही मिसळलेला असतो, म्हणून तिकडे लडाखच्या थंडीत तो नीट येत नाही. इथे ती चिंता नाही, चिंता आहे ती पुरवठ्याची. 20 पौंडांच्या सिलिंडरात साधारण 4,30,000 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते. मध्यम ट्रेलरचा फर्नेस तासाला 30,000 बीटीयू खातो. सलग चालला तर चौदा तास. कडक थंडीत तो निम्मा वेळ चालतो असं धरलं, तरी एक सिलिंडर एका दिवसाला थोडं जास्त पुरतं. दोन सिलिंडर घेऊन चार दिवसांच्या थंड सहलीला निघणारी माणसं मी पाहिली आहेत. मधे भरायची सोय कुठे आहे, हे निघण्याआधीच पाहून ठेवावं लागतं.

फर्नेस गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पंखा साधारण सात अँपिअर ओढतो. हिवाळ्याची चौदा तासांची रात्र, त्यात निम्मा वेळ पंखा चालू, म्हणजे पन्नास अँपिअर-तास गेले. विक्रेता फुकट म्हणून देतो ती शिशाची बॅटरी शंभराची असली, तरी तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात. पहाटे पंखा मंदावतो, फर्नेस सुरू होईनासा होतो आणि सगळ्यांत थंड तासाला घर गार पडतं. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजनालाही हलकी. पण तिचं एक पथ्य आहे: ती 32 फॅरनहाइटखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. म्हणून ती बाहेर, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हिचवरच्या डब्यात ठेवू नका. आम्ही दोन्ही बॅटऱ्या पलंगाखाली, उबेत ठेवल्या आहेत. छतावर 400 वॉटची सौर पॅनेलं आहेत. ती उन्हाळ्यात उतू जातात आणि डिसेंबरात तोंडाला पानं पुसतात, दिवस लहान आणि सूर्य खाली असतो ना. त्यामुळे हिवाळ्यात तीन रात्रींतून एकदा तरी विजेची जोडणी असलेली जागा घ्यायची, हा आमच्या घरचा नियम.

आता जे सांगणार आहे ते इथल्या माहितीपुस्तिकांत तुम्हाला सापडणार नाही, कारण ती आपल्या स्वयंपाकासाठी लिहिलेलीच नसतात. बंद ट्रेलरमध्ये चार माणसांचा श्वास, आंघोळीची वाफ आणि कुकरच्या तीन शिट्ट्या, एवढं पाणी रात्री जातं कुठे? ते गार काचेवर, कोपऱ्यातल्या कपाटात आणि गादीच्या खाली जाऊन बसतं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात पाचव्या दिवशी गादी उलटली तर खालून ओली चिंब, आणि लाकडाला काळी बुरशी. आईला त्या सहलीनंतर महिनाभर खोकला होता. आता गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या आहेत, खालून हवा खेळते. कुकर लावला की छताचा पंखा चालू आणि समोरच्या टोकाची खिडकी बोटभर उघडी. भिंतीवर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आहे, काटा पन्नासच्या वर गेला की बाबा स्वतःहून उठून खिडकी सरकवतात. फोडणी आम्ही शक्यतो बाहेर टेबलावर, इंडक्शनवर देतो. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. धुराचा, गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रात्री तुमच्या मुलांच्या उशाशी जागा असलेला एकटा पहारेकरी आहे. त्याला आयुष्य असतं, ते संपलं की तो बदलायचा, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. आणि ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही, कधीही नाही.

विजेचंही तसंच. तीस अँपिअरच्या जोडणीतून एकूण 3,600 वॉट मिळतात. हीटर 1,500, इंडक्शन 1,800, तेवढ्यात कुणी पाणी तापवायचं बटण दाबलं की अंधार. आमच्याकडे स्वयंपाकाच्या वेळी हीटर बंद असतो.

संडास-बाथरूमबद्दल विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो, म्हणून मीच सांगते. संडासाची टाकी वेगळी असते, तिला ब्लॅक टँक म्हणतात. तिची झडप टाकी भरत येईपर्यंत बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी वाळून बसतं. या टाकीला पाणी भरपूर लागतं, त्यामुळे आपल्या पाणी वापरायच्या सवयीचा इथे फायदाच होतो, फक्त टाकी लवकर भरते. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग बेसिन-आंघोळीची, म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुतली जाते. आमटीचं ताट धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तेल आणि हळद त्या दुसऱ्या टाकीत साचली तर उन्हाळ्यात वास पाठ सोडत नाही.

आता वजन. इथे मी सगळ्यांत जास्त आग्रह धरणार आहे, कारण थंडीने सहल बिघडते, वजनाने जीव जातो.

ट्रेलरच्या दाराजवळ एक पिवळा स्टिकर असतो. त्यावर सामानाचं वजन किती चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या पहिल्या, 26 फुटी ट्रेलरवर 1,100 पौंड होते. वाटलं, एवढं सामान आहेच कुणाकडे! मग हिशोब केला. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की 334 पौंड. कपडे-अंथरुणं 200. भांडी, धान्य, कुकर, पोळपाट-लाटणं धरून 150. खुर्च्या, टेबल, चटई 100. पाइप, ठोकळे, हत्यारं 120. जादा बॅटरी 60. झाले 964. घरातून निघतानाच दीडशेसुद्धा उरले नाहीत.

गाडीची बाजू त्याहून नाजूक. विक्रेता विचारतो, “तुमची गाडी किती ओढते?” जाहिरातीत 9,000 पौंड लिहिलेलं असतं, आपणही तेच सांगतो. पण खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीच्या पाठीवर किती चालेल तो. आमच्या गाडीला 1,450. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर आला पाहिजे. सहा हजारांचा ट्रेलर, म्हणजे 750. आम्ही दोघं आणि आई-बाबा मिळून 620. हिचचं लोखंड 90. बेरीज 1,460. मागे एक पिशवीही ठेवण्याआधी आम्ही मर्यादेपलीकडे होतो, आणि ओढण्याची क्षमता मात्र तीन हजारांनी शिल्लक दिसत होती. हा भार कमी करायला म्हणून कुणी जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकतं. ते तर अजिबात करू नका. हिचवरचा भार दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. वायोमिंगमध्ये आय-80 महामार्गावर आडव्या वाऱ्यात, शेजारून मोठा ट्रक जाताना मी ते एकदा अनुभवलं आहे. स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि गाडी माझ्या ताब्यात नव्हती. ते काही सेकंद मी अजून विसरलेले नाही.

ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वजन कागदावर मिळतं. पूर्ण भरून, सगळी माणसं बसवून, पहिल्या सहलीआधी तिथे जा. वजन पुढच्या चाकांवर वाटून देणारी आणि डोलणं रोखणारी हिच घ्या, आणि गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर नीट जुळवून घ्या. टायरवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. विक्रेत्याच्या अंगणात दोन वर्षं उभा असलेला ‘नवा’ ट्रेलर दोन वर्षं जुन्या टायरांवरच उभा असतो. ट्रेलरच्या टायरांना वेगाची मर्यादाही असते, काहींना ताशी 65 मैलच. मी साठच्या वर जात नाही. पोचायला तासभर उशीर होतो, होऊ दे.

म्हणून दुसरा ट्रेलर घेताना आम्ही लांबी पाच फुटांनी कमी केली, भरलेलं वजन पाच हजारांच्या आत आणलं आणि सामानाची मुभा 1,400 ची बघितली. दुमजली पलंग गेला, टीव्ही गेला. वाचलेले पैसे पोटाखालच्या फोममध्ये, टाक्या गरम ठेवणाऱ्या विजेच्या पट्ट्यांमध्ये, बॅटऱ्यांत आणि टायरांत घातले. फोटो काढून कुणाला पाठवावं असं त्यात काहीच नाही. आईला मात्र कळतं. ती म्हणते, “या घरात पाय गार पडत नाहीत.”

उन्हाळ्याचं थोडक्यात: सावलीत लावा, दुपारच्या उन्हाकडे ट्रेलरचं कापडी छप्पर उघडा, आणि एकाच एसीकडून 100 डिग्री फॅरनहाइटमध्ये चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. दर तीन महिन्यांनी शिडी लावून छतावरचे सांधे बघा. चिरेतून शिरलेलं पाणी भिंत आतून कुजवतं, आणि ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जानेवारीत दक्षिणेकडे निघायचं असेल तर आपल्याला आय-35 महामार्ग देवाने दिल्यासारखा आहे. डलुथपासून टेक्सासातल्या लरेडोपर्यंत सुमारे 1,570 मैल, सरळ खाली. पण मिनेसोटातून निघताना ट्रेलरमध्ये पाणी भरायचं नाही. नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत नळ्या फुटू न देणारा द्रव, तसंच ठेवून निघायचं, आयोवा, मिसुरी, कॅन्सस पार करायचं, दोन रात्री बाटलीबंद पाण्यावर काढायच्या. पुढे दक्षिणेत रात्रीचा पारा 32 च्या वर राहू लागला की नळ्या धुऊन टाकी भरायची. परतताना हेच उलट. त्या दोन रात्री आई-बाबांना मोटेलमध्ये ठेवते, त्यात कमीपणा नाही.

तर माझ्या दोन विनंत्या. ज्यांनी अजून सही केलेली नाही, त्यांनी आधी एक ट्रेलर भाड्याने घेऊन थंड रात्र काढावी, तीही घरापासून तासाभराच्या स्टेट पार्कमध्ये, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल. ज्यांनी इसार दिला आहे, त्यांनी ताबा घेण्याआधी स्वतंत्र तपासनीस लावावा आणि त्या दिवशी पाणी, गॅस, फर्नेस सगळं चालवून बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत. ट्रेलर कुठे उभा करणार, हेही विचारून घ्या. पुष्कळ सोसायट्यांच्या नियमांत तो अंगणात ठेवता येत नाही, आणि मग महिन्याचं भाडं सुरू होतं.

दुसरी विनंती मंडळाच्या कार्यकारिणीला. आपण दिवाळीचा कार्यक्रम महिनोन्‌महिने आधी ठरवतो. त्याच्यासोबत एक सकाळ या कामासाठी द्यावी. आपल्यात ट्रेलर असलेली आणखी दोन कुटुंबं आहेत, त्यांच्याशी बोलले आहे, ती त्यांचे ट्रेलर घेऊन यायला तयार आहेत. वजन कसं मोजायचं, हिच कशी लावायची, हे आपल्या भाषेत, घाईविना दाखवता येईल. विशेषतः बायकांनी यावं. गाडी चालवता येते तिला ट्रेलर ओढता येतो, मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले.

तोपर्यंत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आमच्या अंगणात ट्रेलरचं पाणी काढून अँटीफ्रीझ भरायचं काम आहे. साधारण दोन तास लागतात. पोटाखालची पाटीही मी त्या दिवशी सोडवून ठेवणार आहे, आतलं सगळं बघता येईल. पत्ता मंडळाकडे आहे. जुने कपडे घालून या, चहा-पोहे आमच्याकडे.

आपली,
वाईची लेक, सध्या मुक्काम मिनेसोटा